अचूकरावांच्या बटाट्यांचं वजन

"आजपासून बरोबर नव्वद दिवसांनी," अचूकराव म्हणाले, "या घरात घरचा बटाटा शिजेल. मातीचा कणही न लागता, नुसत्या पाण्यावर वाढलेला! आणि तो मी सगळ्यांसमोर वजन करून दाखवीन!"

हे त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून जाहीर केलं. ऐकायला दोघीच होत्या, आई आणि बायको.

"म्हणजे तोवर बटाटे आणायचेच नाहीत की काय?" आईने विचारलं.

"आणि धुतलेले कपडे कुठे वाळत घालायचे?" बायकोने विचारलं. कारण या शेतीसाठी मुक्रर झालेली जागा म्हणजे स्वयंपाकघरामागची गॅलरी होती. लांबी चार फूट, रुंदी तीन फूट, आणि कपड्यांच्या दोऱ्या पाच.

दोन्ही प्रश्न रास्त होते. अचूकराव टेप घेऊन गॅलरी मोजायला निघून गेले.

अचूकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनकाटे दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. बाजारातला कुठलाही काटा रुसला, की तो त्यांच्याकडे यायचा आणि संध्याकाळपर्यंत खरं बोलायला लागायचा. पण काही माणसं दुकानाला कुलूप लावताना धंदा आतच ठेवून येतात, तसं अचूकरावांचं नव्हतं. ते धंदा घरी घेऊन यायचे. घरात 'अंदाजे' हा शब्द शिवीसारखा मानला जायचा.

"मीठ किती घातलंस?" ते पहिल्या घासाला विचारायचे.

"अंदाजे."

"अंदाजे म्हणजे किती ग्रॅम?"

लग्नानंतर दोन वर्षं बायको यावर भांडली. मग शहाणी झाली. "सात," असं ठोकून द्यायची. अचूकराव घास चावत मान डोलवायचे. "बघ, मोजून घातलं की कशी चव येते!" संसार सुखाचा चालला होता.

तर असा माणूस बटाट्यांच्या मागे का लागला? त्याचं कारण तीन गल्ल्या सोडून राहत होतं. ते त्यांचे सासरे.

सासरे बटाट्यांचे व्यापारी. चाळीस वर्षं नुसते बटाटे विकलेले. अचूकरावांच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. नवे जावई सहज म्हणून सासऱ्यांच्या दुकानात गेले. सासरे एका खानावळवाल्याला दहा किलो बटाटे तोलत होते. बटाटे ताटात होते, आणि ताटाच्या कडेला सासऱ्यांचा अंगठा होता.

"बाबा," अचूकराव आदराने म्हणाले, "अंगठा काढा."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघांनी अंगठ्याकडे पाहिलं. मग अंगठा निघाला आणि काटा जरासा वर आला. तो जेवढा वर आला, तेवढे सासऱ्यांच्या मनातून जावई खाली आले. आपला अंगठा तिथे नुसता टेकला होता, माणसाने दिवसभर राबल्यावर अंगठा टेकायचाही नाही का, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी आजवर सोडलं नव्हतं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. सासऱ्यांनी जावयासमोर तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मात्र चार पाहुणे जमले, की हसत हसत ओळख करून द्यायचे, "हे आमचे जावई. दुसऱ्यांच्या मालाचं वजन करतात. स्वतःचा माल म्हणाल, तर कणभरही नाही!" पाहुणे हसायचे. अचूकरावही हसायचे. पण त्यांना ते लागायचं. खूप लागायचं. घरी येऊन ते एखादा चांगला चालणारा काटा उगाचच उघडून बसायचे.

आणि अशात एक दिवस न्हाव्याच्या दुकानात नंबर लागायची वाट पाहताना, पानं सुटलेल्या एका जुन्या मासिकात त्यांनी वाचलं की बटाटा मातीशिवाय वाढतो! घरातल्या घरात, पाण्याच्या टबात! नंबर आला तेव्हा अचूकराव खुर्चीत नव्हते. मासिकही नव्हतं.

आठ दिवसांत गॅलरीत टब आला. काळा, झाकणाचा, चांगला कमरेएवढा. झाकणाला भोकं, भोकांत जाळीच्या वाट्या, वाट्यांत खडे, आणि खड्यांत कोंब फुटलेले सहा बटाटे. खाली खताचं पाणी. माशांच्या पेटीला लावतात तसला हवेचा पंप त्या पाण्यात दिवसभर बुडबुडे सोडायचा. पाण्याच्या वर, टबाच्या पोटात, एक आडवी जाळी. मुळं जाळीतून खाली पाण्यात जाणार आणि बटाटे वरच्या वर जाळीवर धरणार, अशी योजना होती. जाळीच्या पातळीला टबाच्या बाजूला एक झडप ठेवली होती, काढणीच्या दिवशी हात घालायला.

"पण एक लक्षात ठेवा," अचूकरावांनी बजावलं. "बटाट्याला अंधार लागतो. उजेड दिसला की तो हिरवा पडतो, कडू होतो. नव्वद दिवस ही झडप कुणीही उघडायची नाही. मीसुद्धा नाही."

"मग आत काय चाललंय ते कळणार कसं?" आईने विचारलं.

अचूकराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी दुकानातून शंभर किलोचा सपाट काटा आणला आणि अख्खा टब त्याच्यावर चढवला!

"बघायचं कशाला? वजन करायचं! रोज सकाळी साडेसहाला पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि आकडा वाचायचा. पाणी तेवढंच, टब तेवढाच, खडे तेवढेच. एकदा पानं वाढायची थांबली की त्यानंतर जे वाढेल तो बटाटा. काटा खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

हा काटा वीस-वीस ग्रॅमनी पुढे सरकायचा. वीसच्या खालचं त्याला काही दिसत नसे. पण बटाटा काय वीस ग्रॅमच्या खाली मोजायचा असतो, असं अचूकराव म्हणाले, आणि तेव्हा ते सगळ्यांना पटलं.

पहिला दीड महिना पानांनी गाजवला. पानं इतकी माजली, की गॅलरीतला उजेड गेला, वारा गेला आणि पाचपैकी चार दोऱ्या गेल्या. घरातली माणसं अर्धवट ओल्या कपड्यांत कामाला जाऊ लागली. मग पानं थांबली. अचूकरावांनी त्या दिवशीचा आकडा वहीत लाल शाईने लिहिला. एकसष्ट किलो दोनशे चाळीस. इथून पुढे सगळा बटाटा!

दुसऱ्या दिवशी एकसष्ट किलो दोनशे चाळीस. तिसऱ्या दिवशी एकसष्ट किलो दोनशे चाळीस. दहाव्या दिवशीही काटा तोच आकडा दाखवत होता.

अचूकराव सकाळी काट्यासमोर उकिडवे बसायचे, आकडा लिहायचे आणि चहा न पिता निघून जायचे. अकराव्या दिवशी ते जेवायला बसले, पहिला घास घेतला, आणि मीठ किती ग्रॅम घातलंस हे विचारलंच नाही.

बायको वाढता वाढता थांबली. बाराव्या दिवशी तिने मुद्दाम मीठ घातलंच नाही. अचूकराव निमूट जेवले आणि उठले.

"सासूबाई, यांचं काही खरं नाही," ती म्हणाली.

"काही नाही गं, पोट बिघडलं असेल," आई म्हणाली. पण आईनेही अळणी भात चाखला होता, आणि तिचाही चेहरा उतरला होता.

त्या दुपारी अचूकराव दुकानात असताना बायकोने गॅलरीचं दार लावून घेतलं, झडप उघडली आणि टोपलीतले दोन बटाटे जाळीवर ठेवून दिले. दोनच. माणसाला धीर यावा एवढ्यापुरते. तिला त्यात खोटेपणा वाटला नाही. 'सात ग्रॅम' ती वीस वर्षं सांगत होती, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला घरभर हाक घुमली.

"उठा! उठा सगळे! दोनशे साठ ग्रॅम!"

सगळे उठले. अचूकरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मग धंद्याला जागून त्यांनी आधी काट्यावरच संशय घेतला. दुकानातून पितळी वजनं आणली, टब उतरवला, काटा तपासला, टब चढवला. काटा चोख होता.

"एका रात्रीत दोनशे साठ! पण का? काल असं काय घडलं?" आणि त्यांना आठवलं. काल निघताना ते टबाला तावातावाने बोलले होते. बारा दिवसांचा राग होता तो. "लाज वाटू दे!" असं काहीसं. "लागलं त्याला! मनाला लागलं!"

बायको काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात अचूकरावांनी विचारलं, "काल भाजीत मीठ किती घातलं होतंस गं?" आणि तिचा जीव असा काही भांड्यात पडला, की बोलायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला बटाट्यांची खरडपट्टी सुरू झाली. "बावीस वर्षं झाली! कणभरही नाही! खायला वेळेवर, प्यायला वेळेवर, आणि काम म्हणशील तर शून्य!" आता हा माणूस एवढा ओरडतोय आणि उद्या आकडा हलला नाही तर, या धास्तीने बायको एक दिवसाआड एक-दोन बटाटे आत सारू लागली. बटाटे अर्थात तिच्या माहेरच्या दुकानातले. आणायला तीन गल्ल्या जायचं, इतकंच.

चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे मास्तर दार वाजवून आत आले. गणिताचे मास्तर, निवृत्त.

"माफ करा, पण घरात काही वाद आहे का?"

"छे, बटाट्यांशी बोलत होतो."

"असं होय," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं शिकवल्यावर माणसाला कशाचंच नवल वाटेनासं होतं. पण अचूकरावांची वही पाहिली आणि त्यांचे डोळे चमकले. आकडे! रोजचे! त्यांनी तिथेच बसून त्रैराशिक मांडलं. "या वेगाने नव्वदाव्या दिवशी, म्हणजे रविवारी, सहा किलो चारशे. लिहून ठेवा."

अचूकरावांनी नुसतं लिहिलं नाही, ते मोठ्या अक्षरांत गॅलरीच्या भिंतीवर चिकटवलं. खाली मास्तरांची सही घेतली.

आता आईचं ऐका. एका दुपारी बायको बाहेर गेली होती आणि आईची मैत्रीण अचानक आली. घरात बटाटा नाही. आई पिशवी घेऊन निघाली, चप्पल घातली, आणि मनाशी म्हणाली, घरात बटाट्याची झाडं असताना मी दुकानात कशाला चाललेय? काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने चप्पल काढली, झडप उघडली, हात घातला, तर हाताला खरोखरच बटाटे लागले. आईचे डोळे भरून आले. पोराने पिकवले की! आणि तिने त्यातले चार उकडले. मैत्रिणीला आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडा ऐकू आला नाही. आई गॅलरीत गेली तर अचूकराव काट्यासमोर बसले होते.

"चारशे ऐंशी ग्रॅम कमी झाले गं आई," ते हळू आवाजात म्हणाले. "मी फार बोललो त्याला. माझंच चुकलं."

"अरे, वजन काय, कमी-जास्त व्हायचंच. माझंही होतं," असं म्हणून ती तडक खाली गेली, हातगाडीवाल्याकडून बटाटे घेतले आणि संधी साधून आत ठेवले. चार काढले होते, घाईघाईत पाच ठेवले. पुढच्या सकाळी पाचशे वीस ग्रॅमची वाढ! अचूकरावांनी वहीत नोंद केली, 'मधला एक दिवस विश्रांतीचा असावा.' मग आईलाही वाटलं, पोराला विश्रांतीचा फार त्रास होतो. तो टाळलेला बरा. तीही अधूनमधून हातगाडीवाल्याकडे जाऊ लागली.

गंमत अशी, की बायकोने झडपेत हात घातला की तिने न ठेवलेले बटाटे तिच्या हाताला लागायचे. आईचा हात गेला की आईने न ठेवलेले लागायचे. दोघींचीही खात्री पटली होती, की आपण फक्त जराशी भर घालतोय, बाकीचं पीक अस्सल आहे. मग भर घालायचं थांबवायचं तरी कसं? खरं पीक वाढतंय म्हटल्यावर आपल्यामुळे वेग कमी झाला तर केवढा दोष लागेल!

आणि मास्तर? चाळीस वर्षांत फळ्यावरचं एकही उत्तर न चुकलेला माणूस. भिंतीवर सही. ऐंशीव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की पीक गणिताच्या मागे पडतंय. ते खाली आले. "जरा पानं बघतो," म्हणाले. हातात पिशवी होती. पुन्हा पंच्याऐंशीव्या दिवशी पानं बघितली, एकोणनव्वदाव्या दिवशीही बघितली. उत्तर बरोबरच आहे, फक्त उदाहरण जरा कमी पडतंय, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो त्यांनी स्वतःशीच केला.

रविवारी सकाळी साडेसहाला काटा म्हणाला, सदुसष्ट किलो सहाशे चाळीस. वाढ सहा किलो चारशे. ग्रॅमला ग्रॅम! मास्तरांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला आणि नम्रपणे खाली पाहिलं.

अचूकरावांनी नवा शर्ट घातला. तोही जरा दमटच होता. आणि बायकोला म्हणाले, "बाबांना बोलव."

"कशाला उगाच?" बायको म्हणाली.

"उगाच? बावीस वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस आहे हा! बोलव. म्हणावं, जावयाने स्वतःच्या मालाचं वजन ठेवलंय."

सासरे आले. गॅलरीच्या दारात उभे राहून त्यांनी पानं पाहिली, टब पाहिला, खालचा काटा पाहिला. "पाण्यात बटाटा," ते म्हणाले. "पाण्यात मासा होतो, असं ऐकून होतो."

"बघाच आता," अचूकराव म्हणाले. त्यांनी झडप उघडली, बाही सारली, डोळे मिटले आणि हात घातला. एक बटाटा आला. दुसरा आला. मूठच्या मूठ भरून येऊ लागली. जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर बटाट्यांचा ढीग झाला. अचूकराव त्या ढिगाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईही रडली, बायकोही रडली. मास्तर गॅलरीबाहेर बघू लागले.

सासरे पुढे झाले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, खाली बसले आणि एक बटाटा हातात घेतला. फिरवला. वास घेतला.

"जावईबापू."

"बोला ना बाबा."

"हा माझा."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या दुकानातला. परवाच्या गाडीतला माल आहे हा. आणि हा बघा, हाही माझा. हाही माझा." बटाटे एका बाजूला जाऊ लागले. "हा नाही माझा. हा हातगाडीवरचा. थंड गोदामात सहा महिने झोपलेला." तो दुसऱ्या बाजूला गेला. "आणि हे लांबट, घासूनपुसून पिशवीत भरून विकतात ते. असले बटाटे निवृत्त माणसं घेतात." मास्तरांना ठसका लागला.

सासऱ्यांनी एका बटाट्याच्या डोळ्यात नख घातलं आणि नखावर आलेली लाल माती जावयासमोर धरली. "तुमच्या पाण्याला माती बरी आहे!"

अचूकरावांनी त्या नखाकडे पाहिलं, मग एकेकाकडे.

"अहो, मी सुरुवातीला दोनच ठेवले होते," बायको म्हणाली. "तुम्ही मीठ विचारेनासे झालात हो!"

"मी तर काढले होते म्हणून ठेवले," आई म्हणाली.

"मी फक्त उत्तर पडताळून पाहिलं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तूसुद्धा?" आई बायकोला म्हणाली.

"म्हणजे तुम्हीसुद्धा?" बायको मास्तरांना म्हणाली. मास्तर भिंतीवरची स्वतःची सही वाचत होते.

अचूकराव कुणावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टब काट्यावरून उतरवला आणि तीन ढीग एकामागून एक काट्यावर ठेवले. बायकोचा ढीग तीन किलो आठशे. आईचा एक किलो चारशे. मास्तरांचा एक किलो दोनशे. तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बेरीज केली. सहा किलो चारशे. ती त्यांनी लाल शाईच्या आकड्याशी ताडून पाहिली.

"बाकी शून्य," मास्तर म्हणाले. सवयीने तोंडून गेलं बिचाऱ्यांच्या.

अचूकरावांनी वही मिटली. "तुमचं बरोबर होतं बाबा," ते म्हणाले. "कणभरही नाही."

आता खरं तर हा सासऱ्यांचा दिवस होता. बावीस वर्षांचं उट्टं घरात चालून आलं होतं, तेही त्यांच्याच मालासकट. 'तुमच्या झाडाला माझ्या दुकानातले बटाटे लागलेत' हे एकच वाक्य त्यांना उरलेलं आयुष्यभर पाहुण्यांना ऐकवायला पुरलं असतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही असेल. पण त्यांनी जावयाचा चेहरा पाहिला, आणि तो दमट शर्ट पाहिला, आणि मग आपल्या लेकीकडे पाहिलं. ती पदराने नाक पुसत होती.

सासऱ्यांनी घड्याळ काढून लेकीच्या हातात दिलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि झडपेतून हात आत घातला. खांद्यापर्यंत. चाळीस वर्षं पोत्यांच्या तळाशी चाचपणारा हात होता तो. बराच वेळ मुळं धुंडाळत राहिला. मग थांबला.

हात बाहेर आला तेव्हा चिमटीत एक बटाटा होता. गोटीएवढा. पांढरा स्वच्छ. आणि त्याच्या शेंड्याला मुळाचा एक धागा अजून धरून होता.

सासऱ्यांनी तो उजेडात धरला. फिरवला. वास घेतला. नख लावून पाहिलं. माती नव्हती.

"हा कुठला?" ते म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ए, हा तू ठेवलास?"

"नाही बाबा."

"विहीणबाई, तुम्ही?"

"एवढासा? मला हातगाडीवाला देईल का हो?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"चाळीस वर्षं बटाटा बघतोय," सासरे सावकाश म्हणाले, "पण हा माल बाजारात पाहिलेला नाही. हा तुमचा, जावईबापू. ठेवा काट्यावर."

अचूकरावांनी दोन्ही हातांनी बटाटा घेतला, रिकाम्या काट्याच्या मधोमध ठेवला आणि सगळे आकड्यावर वाकले.

शून्य.

त्यांनी तो उचलून पुन्हा ठेवला. शून्य. काट्याला वीस ग्रॅमच्या खालचं दिसत नव्हतं. काटा खोटं बोलत नव्हता, तो बिचारा जन्मात बोलला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा अचूकरावांनी स्वतःचा माल काट्यावर ठेवला होता, आणि त्यांच्याच हाताने तपासलेला त्यांचाच काटा म्हणत होता, काही नाही.

"दुकानात सोनाराचा काटा आहे," ते पुटपुटले. "त्याच्यावर दिसेल. निदान आठ-नऊ ग्रॅम तरी…"

"कशाला? या काट्याला काय झालंय?" सासरे म्हणाले. "मला जरा नीट बघू द्या. वय झालं, आकडा दिसत नाही." आणि ते गुडघ्यावर वाकले. वाकताना आधाराला त्यांनी हात टेकला. हात काट्याच्या कडेला होता, आणि हाताचा अंगठा काट्यावर.

आकडा हलला. वीस. साठ. शंभर. एकशे चाळीस.

"हं," सासरे म्हणाले. "आता दिसलं. एकशे चाळीस. वाचा की, जावईबापू."

अचूकरावांनी अंगठा पाहिला. आईने पाहिला, मास्तरांनी पाहिला. बायकोने अंगठा पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाने बाजारातल्या निम्म्या अंगठ्यांना नावानिशी ओळखलं होतं, आणि लग्नाच्या अकराव्या दिवशी सासऱ्यांचाही सोडला नव्हता.

अंगठा तसाच टेकून होता.

अचूकरावांनी वही उघडली. पेन उघडलं. लाल.

"एकशे चाळीस," त्यांनी वाचलं आणि लिहिलं.

"नक्की ना?" सासऱ्यांनी वर न बघता विचारलं. "मागाहून तक्रार नको."

अचूकरावांनी घसा खाकरला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"अंदाजे," ते म्हणाले.